पेटीत पोवळं मरतं

या, असे जरा पुढे सरका. खांबाला टेकायचं त्यांनी टेका, पण कान इकडे असू द्या. कीर्तनाला गेलेलं माणूस रिकामं घरी येत नाही, निदान बुक्क्याचा ठिपका तरी कपाळावर घेऊन येतं. आज एका बाईची कथा सांगायची आहे. तिनं तीर्थासाठी हात पुढे केला आणि तो मागे घेतला नाही. तीर्थाच्या गडूतून निघालेली पळी तळहातापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? कथा तेवढ्याच वेळातली आहे. पण त्या दिवशी पळी मधेच थांबली, आणि ती थांबली म्हणून एवढं सगळं त्यात मावलं.

ज्या साली आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सालचा कार्तिक. परकोटाच्या आतल्या अंगाला मुरलीधराचं लहानसं देऊळ होतं. तिथं पंधरा दिवस तिसऱ्या प्रहरी कीर्तन चाले, म्हणजे बायकांना दिवेलागणीच्या आत घर गाठता यावं. भागीरथाबाई रोज येत. जंगलखात्यात नाकेदार असलेले त्यांचे मालक, रामाजी, चार वर्षांपूर्वी गेले. एकुलती मुलगी लग्न होऊन वर्ध्याला. घरात उरल्या दोन खोल्या, परसातला पेरू आणि स्वतःच्या पावलांचा आवाज. त्यामुळे बुवांच्या झांजेचा पहिला ठोका पडला की बाईंच्या पोटात गाठ मारलेलं काहीतरी सैल होई. निरूपणातलं कळो न कळो, डोळे मिटून मान डोलत राही. त्या दिवशी उत्तररंगात बुवा असे रंगले की मृदंगवाल्याच्या हनुवटीवरून घाम फरशीवर टपकला तरी कोणी हललं नाही. आरती झाली, बायकांची रांग लागली, आणि भागीरथाबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आल्या. त्यांनी उजवा तळहात खोलगट केला, खाली डावा धरला आणि हात पुढे केला. पुजारी गुणवंतरावांची पळी निघाली आणि वाटेत थांबली. वर्षभरात बाईंचं बोट बारीक झालं होतं. तांब्याची आंगठी सैल होऊन फिरली होती, आणि एरवी खाली तोंड करून असणारं पोवळं आज तळहाताच्या बाजूनं, बोटाच्या मुळाशी, टपोरं लाल दिसत होतं.

"थांबा गुणवंतराव," प्रसादाच्या परातीशी उभे असलेले देवळाचे पंच भैयाजी म्हणाले. "बाईच्या बोटात लाल काय हाय ते?"

"पोवळं," भागीरथाबाई म्हणाल्या.

"नवरा गेलेल्या बाईनं लाल घालावं काय, तेही देवापुढं? काढा ते, अन् मंग घ्या तीर्थ. देऊळ हाय हे, बजार नाई."

पळीच्या ओठाशी एक थेंब लोंबत होता. भागीरथाबाईंना आधी तो थेंबच दिसला, माणसं नंतर. त्या थेंबात समईची वात उलटी होऊन हलत होती. काढणं काही कठीण नव्हतं. हात नुसता झटकला असता तरी आंगठी निसटून फरशीवर पडली असती. इतकं सोपं असल्यामुळेच बोटं आपोआप आत वळली आणि तळहाताची वाटी आणखी खोल झाली. काढायचं आणि ठेवायचं कुठे? पेटीत? पत्रू सोनाराचा आवाज कानाशी आला, नाकात भात्याचा आणि राळेचा वास आला. पोवळं सुटं घेऊन त्या पहिल्यांदा त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्यानं ते जिभेच्या टोकाला लावून पाहिलं होतं. मग म्हणाला होता, "बाई, हिरा शंभर वर्षं कुलपात पडला तरी हिराच निघते. याचं तसं नाई. हे दर्यातलं जितं हाय. याले अंगाची ऊब लागते, माणसाचा घाम लागते. पेटीत घातलं का मरते." तांबं घ्या म्हणाला, मंगळाला तांबं मानवतं. कोंदण मागून उघडं ठेवलं, कारण खडा कातडीला टेकला पाहिजे. आंबट दाखवू नका, चुना दाखवू नका, कपडे धुताना आंबाड्यात खोचून ठेवा, दर मंगळवारी तिळाच्या तेलाचं एक बोट आणि मऊ फडकं. "अन् रोज सकाळी याचं तोंड पाहत जा. घालणारीचं रक्त कमी पडलं का हे आधी फिकं होते. वैद्याले कळायच्या आधी याले कळते." तेव्हापासून भागीरथाबाई उठल्यावर आधी देव पाहत नसत, बोट पाहत. याची त्यांना कधी कधी लाजही वाटे, आणि मग त्या देवाला एक फूल जास्त वाहत.

मागं कोणीतरी कुजबुजलं, "काढ ना वो, मिनिटाचं काम." त्या आवाजात वाईट काही नव्हतं, सांत्वनच होतं, आणि भागीरथाबाईंना सांत्वनाचाच राग आला. असंच मऊ बोलून एकदा काढून घेतलं होतं. रामाजींच्या दहाव्याला मोठी जाऊ रुखमाबाई जवळ बसली, पाठीवर हात फिरवत बांगड्या उतरवल्या, आणि बांगड्यांबरोबर आंगठीही. भागीरथाबाईंना त्या दिवसात आपले हात कुठे आहेत हेच उमजत नव्हतं. सुतक फिटावं म्हणून रुखमाबाईनं देवाची पितळी भांडी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली, आणि आंगठीही त्यातच टाकली. दिवसभर. संध्याकाळी घंगाळातून समई निघाली सोन्यासारखी, ताम्हण निघालं सोन्यासारखं, आंगठीचं तांबं लखलखीत, आणि त्यात बसलेलं पोवळं पांढुरकं, खरबरीत, चुन्याच्या खड्यासारखं मेलेलं. दारात जमलेल्या बायकांनी गालाला हात लावले. रुखमाबाई हळहळून म्हणाली, "पाय ना माय, खड्यालेही समजलं. बाई रांडवली अन् पोवळं पांढरं झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. इतकं सुंदर जुळलं होतं ते, कीर्तनातल्या दृष्टांतासारखं, की खुद्द भागीरथाबाईंनाही क्षणभर खरं वाटलं. दगडाला कळतं, मग आपण कोण? आणि मग चिंचेचा आंबूस वास नाकात शिरला.

"चिंचेनं झालं ते," त्या म्हणाल्या. दहा दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

"तुलेच लय कळते!"

"पितळेले चिंच लावतात, आक्का. पोवळ्याले लावली का त्याचं कातडं जळते. त्याले माह्या नवऱ्याचं काय ठाऊक? तुम्ही जाळलं ते."

त्यानंतर सहा महिने त्या तो खडा पोसत राहिल्या. पोसणंच ते. रामाजींच्या जुन्या धोतराचा तुकडा, तिळाचं तेल, दुपारचा निवांतपणा आणि अंगठ्याचा दाब. बाहेरून येणाऱ्याला वाटे बाई जप करते आहे. त्या जपच करत होत्या म्हणा, पण नाव कोणाचं घेत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हळूहळू खरबरीतपणा मोडला, मग गुलाबी आलं, मग एक दिवस सकाळी पाहिलं तर लाल. सबंध नाही. एका बाजूला भाजून बरी झालेल्या कातडीसारखा डाग राहिला तो राहिलाच. रुखमाबाई आली, तिनं पाहिलं, आणि ती पुढे बरेच दिवस आली नाही.

"काढता का नाई, बाई?" भैयाजींनी विचारलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता, उलट उतरवला होता, चार माणसांत मोठेपणा ठेवायचा असला की उतरवतात तसा. भागीरथाबाईंचा डावा हात उजव्याला खालून आधार देऊन अवघडला होता. मनगटात कळ निघाली. ती कळ ओळखीची होती. तेवीस वर्षांपूर्वी धानोऱ्याला, नाक्याजवळच्या सरकारी घरात, अशीच मूठ आवळून मनगट दुखलं होतं. माघातली दुपार. बाहेर मोहाच्या झाडाखाली वाळत टाकलेल्या चिंध्या फडफडत होत्या. मुलगी झाली होती, रडली होती, सगळं झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. खाली टाकलेलं पोतं बदललं तेही भिजलं. छताची कौलं कधी जवळ येत, कधी लांब जात. कोणीतरी सांगितलं, टेकडीपलीकडच्या टोलीत, त्या चार खोपट्यांच्या वस्तीत, सुकरी आहे, तिचा हात चांगला आहे. रामाजींनी दोन शिपाई पाठवले. सुकरी आली. बुटकी, दंडापर्यंत गोंदलेली, अंगाला धुराचा वास. ती कोणाशी बोलली नाही. पोट मळलं, कसलीशी मुळी ठेचून पाजली, आणि आपल्या गळ्यातला काळा दोरा तोडून त्यातलं लाल काहीतरी भागीरथाच्या मुठीत दाबलं. "मूठ नको सोडजो. नेत्तूर थांबते." नेत्तूर म्हणजे रक्त, हे न सांगताही कळलं. भागीरथानं मूठ अशी आवळली की नखं तळव्यात रुतली. सगळं अंग वाहून चाललं होतं आणि त्या वाहण्यात एवढीच एक टणक, कोमट जागा होती. दिवे लागले तेव्हा रक्त थांबलं होतं. खड्यानं थांबवलं, की सुकरीच्या हातांनी, की मुळीनं, हे भागीरथाबाईंनी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. उत्तर नाही. पुढे अडलेल्या बाळंतिणीसाठी आपल्या दारी खडा मागायला येणारीला त्या आधी दवाखान्यात पाठवत, "मुठीत हे असू दे, पण टांगा दवाखान्याकडंच वळव," असं बजावून. खडा परत आला की आठ दिवस कोणाला देत नसत. थकलेला असतो तो. धुऊन, पुसून, बोटात घालून नुसत्या बसत. पण पकडायला काही असलेली मूठ आणि रिकामी मूठ यांत फरक असतो, एवढं त्यांना आपल्या अंगानं ठाऊक होतं.

आणि दुसऱ्या मुठीचं ठाऊक होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तीन महिन्यांनी रामाजींची बदली चांद्याला झाली. बंडीवर सामान चढत होतं, पोर मांडीवर होती, आणि सुकरी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. त्या दिवशी परत नेलेला खडा पुन्हा तिच्या गळ्यात होता, तो दोरा तिनं सोडला. "घे."

"मले काऊन? तुह्या सुनेले दे ना. सून हाय ना तुले?"

"इतवारी? ते कुठी हाय आता." शेळी गेली म्हणून सांगावं तशी सुकरी सांगत होती, बंडीच्या चाकाकडे पाहत. "तुह्या पोरीच्या दिवशीच गेली. तिलेही कळा चालू होत्या. शिपाई आले त म्या म्हटलं, सून अडली हाय माही, हे मोकळी झाली का येतो. ते म्हणाले सायबाची बाई मरून राह्यली, चाल. एकानं हा हात धरला, एकानं हा." तिनं गोंदलेले दोन्ही दंड दाखवले, जणू अजून तिथं बोटं उमटलेली होती. "वापस गेली त निजली होती. नेत्तूर पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. पोरगंही नाई." मग तिनं खडा भागीरथाच्या हातात ठेवला आणि तिची बोटं एक एक करून मिटली. "माह्या खोपटीत आता कोणाले बाळंत व्हाचं हाय? तुह्या अंगाले लागला हा, ठेव. पेटीत नको टाकजो, मरते. जिथी बाईचं रक्त चाललं तिथी जाजो. कोणी धरून नेईल म्हणून वाट नको पाहजो." सोनारानं पुढे जे शास्त्र म्हणून सांगितलं, ते सुकरीनं आधीच सांगितलं होतं. भागीरथानं मान वळवून रामाजींकडे पाहिलं. ते बंडीची दोरी आवळत होते, आधीच आवळलेली दोरी पुन्हा. वर्षभरानं एकदा तिनं विचारलं, "तुम्हाले ठाऊक होतं?" रामाजी पान लावत होते. म्हणाले, "तू वाचली ना?" माणूस वाईट नव्हता. बायकोवर जीव होता त्याचा. पण त्या 'ना'पाशी भागीरथाबाई अठरा वर्षं जेवल्या, झोपल्या, सणवार केले, आणि तो 'ना' काही गिळला गेला नाही.

गुणवंतरावांची पळी तशीच अधांतरी होती. भागीरथाबाईंनी पहिल्यांदाच नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पुजाऱ्याच्या डोळ्यांत जरब नव्हती, भीती होती. आणि ती भैयाजींची नव्हती, त्यांची होती, भागीरथाबाईंची. भाद्रपदात गुणवंतरावांची बायको आशाबाई डोक्यावरून पदर ओढून परसदारी आली होती. माहेरपणाला आलेली लेक अडली होती. भागीरथाबाईंनी चूल तशीच सोडली, आंगठी बोटात होतीच, पायात वहाण सरकवली आणि टांग्यात जाऊन बसल्या. दवाखान्यात लेकीच्या मुठीत खडा होता, आणि बाहेर बाकावर हेच गुणवंतराव भिंतीला डोकं लावून पुटपुटत होते. लेक वाचली, नातू झाला. परत देताना आशाबाईनं दोन्ही हातांनी खडा डोळ्यांना लावला होता. आता गुणवंतरावांचे डोळे विनवत होते, बोलू नका, एवढ्या लोकांत बोलू नका. भागीरथाबाईंच्या ओठांपर्यंत शब्द आले. गोड होते ते, उसाच्या कांड्यासारखे, नुसते चावले की झालं असतं. 'तुमच्या लेकीले हा खडा चालला, गुणवंतराव?' एवढं म्हटलं की पळी पुढे आली असती, भैयाजी गप्प झाले असते, आणि तळहातावर तीर्थ पडलं असतं. कशाचं तीर्थ? एका पोरीच्या रक्ताच्या बदल्यात घेतलेलं. त्यांनी शब्द गिळला. खडा ज्या घरी जाऊन आला त्या घराचं नाव त्या स्वतःशीसुद्धा काढत नसत. आणि गिळलेल्या त्या शब्दाच्या खाली, तळाशी, आणखी एक काहीतरी पडलेलं त्यांना दिसलं. चार वर्षं त्या जगाला सांगत होत्या, खडा मरेल म्हणून घालते. ते खरं होतं, पण अर्धं. समजा, पोवळं पेटीत शंभर वर्षं टिकलं असतं, तर काढलं असतं? गाभाऱ्यात मुरलीधराच्या खांद्यावर लाल शेला होता, समईच्या उजेडात तो पेटल्यासारखा दिसत होता. सकाळी पांढरं लुगडं, पांढरा भात, पांढरी भिंत, आणि त्यात बोटावरचा तो एवढासा थेंब. तो पाहिला की आपण आहोत असं वाटे. नसतं काढलं. देवा, तुझ्यापुढं खोटं कशाला, नसतं काढलं.

"काढता का नाई?"

"नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच निघाला, भाजीवालीला नको म्हणावं तसा. "हे माह्या कुंकवाचं नाई, भैयाजी. दुसरीच्या वाट्याचं हाय. तिले विचारल्याबिगर मी काढू शकत नाई."

"मंग बोलवा तिले इथी. विचारा."

"ती मेली. माह्या बदल्यात." देवळात झांज ठेवल्याचा बारीक आवाज झाला. "अन् दुसरं असं का, मले लाल आवडते."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि तोंड दाबलं. बुवा वीणा खाली ठेवता ठेवता तसेच थांबले. विधवेनं रडावं, पाया पडावं, नाहीतर शिव्या द्याव्यात, या तिन्हींची उत्तरं भैयाजींजवळ होती, हे चौथंच होतं. भागीरथाबाईंनी अवघडलेला हात लांब केला आणि गुणवंतरावांच्या बोटांतून पळी घेतली. ओढावी लागली नाही. त्यांनी गडूत बुडवली, आपल्याच तळहातावर तीर्थ घेतलं, प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला. तुळशीचं पान दाताखाली आलं, ते चावलं.

"बाटवलं!" भैयाजी ओरडले. "गुणवंतराव, पळी घ्या तिच्या हातातून!"

गुणवंतराव हलले नाहीत. पळी ठेवायची कुठे या विचारात भागीरथाबाई मागे वळल्या, तर मागं मुरमुरे विकणारी म्हातारी मंगली उभी होती. तिनं आपला सुरकुतलेला तळहात पुढे केला. "दे ना वो बाई. कवापासून उभी हाव, पायाले मुंग्या आल्या माह्या. तुमचं भांडण होत राह्यलं, माहं दुकान उघडं हाय तिकडं." भागीरथाबाईंनी तिच्या हातावर पळी रिकामी केली. मंगलीनं सुर्रकन तीर्थ ओढलं, पोवळ्याकडे निरखून पाहिलं, "झ्यॅक हाय," म्हणाली आणि निघाली. तिच्या मागची बाई घुटमळली, पंचांकडे पाहिलं, पदर सावरला, आणि तिनं हात पुढे केला. तिच्या मागची मात्र रांगेतून बाहेर पडली. पुढं असंच झालं, कोणी घेतलं, कोणी नाही. रुखमाबाई होती त्या गर्दीत, ती न घेता गेली. आशाबाईनं घेतलं, आणि घेताना ती वर पाहू शकली नाही. आणि गडू? गडू गुणवंतरावांच्या हातात होता. पळी बुडवता यावी म्हणून ते तो शेवटपर्यंत थोडा तिरका धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी पंचांनी भागीरथाबाईंना देऊळ बंद केलं. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर कथा गोड होते आणि खोटी होते. उरलेले नऊ दिवस त्या परकोटाच्या पायाशी, उन्हानं तापलेल्या धोंड्यावर बसून कीर्तन ऐकत. अशी बाहेर बसणारी बाई लाजेनं आपोआप उठून जाईल असं पंचांना वाटलं होतं. उलट चौथ्या दिवशी बुवांनी गाभाऱ्याकडे पाठ केली आणि तोंड दाराकडे करून उभे राहिले. आवाज बाहेर नीट जावा म्हणून, असं ते म्हणाले.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे. भागीरथाबाईंना लक्षात ठेवा असं म्हणत नाही. त्यांची आठवण ठेवायला वर्ध्याची लेक आहे, चांद्यातली अर्धी माजघरं आहेत. सुकरीलाही तिच्या टोलीतली माणसं विसरायची नाहीत. पण पुन्हा कधी तीर्थासाठी हात पुढे कराल, तेव्हा पाणी तळव्यावर पडायच्या आधी जो एवढासा वेळ असतो ना, त्यात इतवारीचं नाव घ्या. धानोऱ्याच्या टेकडीपलीकडची, सुकरीची सून. ती दिसायला कशी होती, हसायची कशी, ते सांगणारं आता कोणी नाही. त्या दुपारी तिच्या मुठीत काही नव्हतं, एवढंच ठाऊक आहे.